बिल्टी एक, बिलं दोन : स्पर्धा आयोगाला एका कृषी सेवा केंद्रवाल्याचं खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
भारतीय स्पर्धा आयोग, नवी दिल्ली

विषय : खत-बियाण्यांच्या धंद्यातलं लिंकिंग आणि छापील किमतीचा फोलपणा

स.न.वि.वि.

परभणी जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावात माझं कृषी सेवा केंद्र आहे. वडिलांनी काढलं, मी एकवीस वर्षं चालवतोय. पत्राखाली नाव घातलेलं नाही. का, ते वाचता वाचता कळेलच.

गेल्या खरिपातली गोष्ट. आर्द्राचा पाऊस पडून गेला होता, कपाशीला वाफसा आला होता आणि दुकानापुढं युरियाची रांग होती. रांगेत आमच्या ओळखीचे एक म्हातारे शेतकरी होते, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. खतविक्रीची नोंद करणाऱ्या पॉस मशीनवर त्यांचा अंगठा लागेना. जन्मभर खुरपं-विळा धरून बोटाच्या रेघाच गेलेल्या. ओल्या फडक्यानं बोट पुसलं, चौथ्या खेपेला मशीननं मान्य केलं. पावती निघाली : दोन गोण्या, ५३३ रुपये. मी गोण्यांवर एक बाटली ठेवली.

"ही कामून?" मामा.

"घ्यावी लागती मामा. वरून तसंच आलंय."

"वरून म्हंजी? सरकारकून?"

"न्हाई, कंपनीकून."

"कितीची हाय?"

"तीनशे ऐंशी."

मामांनी पिशवीतून पैसे काढले, दोनदा मोजले, गल्ल्यावर ठेवले. बाटली मात्र माझ्याकडं सरकवली. "ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच. मला काय त्यातलं कळत न्हाई, उगं कपाशी जाळून बसंल."

युरियाच्या गोणीवर २६६ रुपये ५० पैसे छापलेले असतात. मामांना त्या दिवशी ती ४५६ रुपये ५० पैशांना पडली. छापील किंमत बरोबर होती, पावती बरोबर होती, मशीनमधला आकडा बरोबर होता. कृषी खात्याचे साहेब त्या वेळी दुकानात उभे असते तरी त्यांना कागदावर एक चूक सापडली नसती. त्यांनी बाटलीकडं बघितलं असतं तर दोषी मी ठरलो असतो. आणि खरं सांगायचं तर दोषी मी होतोच. पण ती बाटली माझ्या फळीवर कशी आली, ते आजवर कुणी लेखी विचारलेलं नाही. म्हणून तुम्हाला लिहितोय.

आमच्या धंद्यात याला लिंकिंग म्हणतात. ज्या मालावाचून शेतकऱ्याचं अडतं, त्याच्या शेपटीला ज्या मालाला कुणी हात लावत नाही तो बांधून द्यायचा. तुमच्या २००२ च्या स्पर्धा कायद्यात कलम ३ च्या चौथ्या पोटकलमात हेच लिहिलंय : एक वस्तू देताना दुसरी घेण्याची अट घालणं. मी वकील नाही, पण ते कलम मी तीनदा वाचलं. वाचताना आमच्याच रेल्वे मालधक्क्यावर बसून कुणी लिहिलंय की काय, असं वाटलं.

हे घडतं कसं, ते सांगतो. मे महिन्याच्या शेवटी कंपनीच्या साहेबाचा फोन येतो. "परभणीला रेक लागतोय. तुमच्या नावावर दहा टन टाकू?" रेक म्हणजे खताची मालगाडी. दहा टन म्हणजे दोनशे बावीस गोण्या, माझं गिऱ्हाईक बघता चार दिवसांचा माल. मी म्हणतो, टाका. मग साहेब जरा थांबतो. "सोबत वीस पेट्या येतील." कशाच्या, हे विचारायचं नसतं. कधी सूक्ष्म अन्नद्रव्यं, कधी विद्राव्य खताचे पुडे, कधी कसलंसं टॉनिक. बोलणं व्हॉट्सअॅप कॉलवर, कारण साध्या फोनवर रेकॉर्डिंगची भीती. लेखी एक अक्षर नाही. युरियाचं बिल आज निघतं, पेट्यांचं चार दिवसांनी, आणि एखाद्या वेळी तर निराळ्याच फर्मच्या नावानं. पण माल उतरतो एकाच ट्रकमधून. ट्रकवाल्याला काही कंपनीच्या सोयीसाठी दोन फेऱ्या परवडत नाहीत. त्यामुळं बिलं दोन असली तरी बिल्टी, म्हणजे ट्रकवाल्याची माल वाहिल्याची पावती, एकच असते. उद्या तुमच्या महासंचालकांच्या कार्यालयातला कुणी अधिकारी पुरावा कुठं शोधायचा म्हणून डोकं खाजवत बसला, तर त्याला सांगा : बिलं बघू नको, बिल्टी माग.

नको म्हणायचं, असं तुम्ही म्हणाल. तीन वर्षांपूर्वी म्हणालो होतो. भांडण झालं नाही, कुणी आवाज चढवला नाही. साहेब फक्त "बरं" म्हणाला. त्या हंगामात माझ्या दुकानाला त्या कंपनीची एक गोणी आली नाही. समोरच्या दुकानावर रांग आणि मी गल्ल्यावर माश्या मारत बसलेलो. ज्याच्याकडं युरिया नाही त्याच्याकडून शेतकरी सरकीची बॅगही घेत नाही आणि फवारणीचं औषधही नाही. त्याहून वाईट म्हणजे, मागच्या वर्षीची उधारी द्यायलाही तो या अंगाला फिरकत नाही. देणं असलेल्या दुकानापुढून मोकळ्या हातानं जायला माणसाला लाज वाटते, म्हणून तो पलीकडच्या गल्लीतून जातो. त्या एका "नको"चे पैसे मी दोन दिवाळ्या वसूल करत होतो.

दुसऱ्या कंपनीकडं जावं म्हटलं तर खताचा धंदा किराण्यासारखा नाही. ज्या कंपनीचं खत विकायचं तिच्याकडून आधी 'ओ' फॉर्म घ्यावा लागतो, तो परवान्यावर चढवावा लागतो, मग माल. म्हणजे दाराची किल्ली विकणाऱ्याच्याच हातात. शिवाय ऐन गरजेच्या पंधरवड्यात आमच्या धक्क्यावर रेक लागणार दोन नाही तर तीन कंपन्यांचे. कागदावर देशात खताच्या कंपन्या पुष्कळ आहेत. माझ्या तालुक्यात जूनच्या तिसऱ्या आठवड्यात दोन असतात. बाजार किती मोठा धरायचा, यावर तुमच्याकडं म्हणे पानंच्या पानं युक्तिवाद होतात. माझ्या लेखी त्याची मोजणी सोपी आहे. वाफसा मोडायच्या आत शेतकरी जेवढ्या लांबून गोणी आणू शकतो, तेवढा त्याचा बाजार.

आता गणित. युरियावर विक्रेत्याला टनाला ३५४ रुपये मार्जिन ठरवून दिलंय. ४५ किलोच्या गोणीला ते सोळा रुपयांच्या आत बसतं. धक्क्यापासून माझ्या दुकानापर्यंतचं भाडं आणि दोन ठिकाणची हमाली धरली तर मला गोणीमागं वीस-बावीस रुपये लागतात. माल दुकानपोच मिळावा अशी आमची जुनी मागणी आहे, ती जुनीच राहिलीय. म्हणजे गोणी विकली की मी पाच रुपयांनी खड्ड्यात. हा खड्डा विक्रेता कशानं भरतो? एक तर गोणी २९०-३०० ला विकतो, जो गुन्हा आहे, नाही तर बाटली माथी मारतो. बाटलीत चांगलं मार्जिन असतं, हेही कबूल करतो. नाइलाज आणि लोभ यांच्यामधली रेघ कुठं पुसली गेली, ते माझं मलाच नक्की सांगता येणार नाही.

कंपनीचीही बाजू आहे, ती दाबून ठेवत नाही. युरियाची किंमत सरकारनं बांधलेली. डीएपी या दुसऱ्या खताची गोणी १,३५० च्या वर जाऊ द्यायची नाही, असा धाक. डीएपी आणि त्याचा कच्चा माल बाहेरून येणार, तिकडं भाव चढले तर फरक अनुदानातून मिळायचा, आणि ते अनुदान माझ्या पॉस मशीनवर अंगठा उठल्यावर पुढं सरकणार. अशा धंद्यात नफा काढायचा कुठून? ज्या मालाची किंमत कुणी बांधलेली नाही, त्यातून. बांध एका जागी पक्का केला की पाणी दुसऱ्या जागी फोडतंच, हे आमच्याकडं पोरालाही ठाऊक असतं. पण पाणी वाट कुठं काढतं, हे शेजारी किती आहेत त्यावर ठरतं. दहा कंपन्यांचे दहा रेक धक्क्यावर उभे असते तर माझ्या माथी पेट्या मारायची कुणाची टाप नव्हती. दोनच असल्या की दोघींच्याही गोण्यांबरोबर पेट्या येतात. दोघींनी ठरवून केलं का? मला नाही वाटत. एकीनं सुरू केलं, दुसरीनं बघितलं, गिऱ्हाईक कुठं जात नाही हे दोघींना कळलं. बैठकीची गरजच काय?

या न झालेल्या बैठकीवरच तुमची खरी पंचाईत होते, असं मला बाहेरून वाटतं. गोदाम बांधत होतो तेव्हा गावातल्या तिन्ही दुकानांत सिमेंटचा भाव एकाच सोमवारी गोणीमागं तितकाच चढला. दुकानदार म्हणाला, वरून आलंय. आमच्याकडं सगळंच वरून येतं, पाऊस सोडून. तुम्ही २०१२ साली सिमेंटच्या अकरा कंपन्यांना सहा हजार कोटींच्या वर दंड ठोकला, तेव्हा आम्हाला कोण आनंद झाला होता. मग प्रकरण परत आलं, २०१६ मध्ये तुम्ही पुन्हा दंड लावला, २०१८ मध्ये अपील न्यायाधिकरणानं तो कायम ठेवला आणि त्याच वर्षी ते सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्या प्रकरणात तुम्ही फक्त भाव सारखे हलतात एवढ्यावर थांबला नव्हता. कंपन्या संघटनेच्या टेबलावर एकमेकींना आकडे देत होत्या, क्षमता असून माल कमी काढत होत्या, हे तुम्ही जोडून दाखवलं. ते बरोबरच होतं. नुसता भाव सारखा असणं हा गुन्हा नाही. आमच्या एसटी स्टँडवरच्या चारही टपऱ्यांवर चहा एकाच दिवशी आठाचा दहा झाला, त्यांना काय तुरुंगात घालणार? मोबाइलवाल्यांचंही तेच. २०१६-१७ मध्ये फुकट डेटा वाटला गेला, तेव्हा त्याविरुद्धची तक्रार तुम्ही फेटाळली, कारण वाटणारा तेव्हा बाजारात मोठा नव्हता. जून २०२४ च्या शेवटी तिन्ही खासगी कंपन्यांनी दोन दिवसांच्या आत दरवाढ जाहीर केली. आमच्या वावरात रेंज मात्र होती तेवढीच.

किमतीकडं बघत बसलं की असं होतं. किंमत पुढं उभी असते, ठळक अक्षरात, कर धरून. खोड अटीत असते. माझं म्हणणं एवढंच आहे की विकणारे मोजके असतील तिथं तुम्ही आधी अटी तपासा.

कपाशीच्या बियाण्याचं उदाहरण घ्या. ते आमच्या अगदी दाराशी घडलं. जालना इथून साठ-सत्तर मैलांवर. १९६४ साली तिथं बियाण्याची कंपनी उभी राहिली आणि पुढं जालन्याची ओळखच बियाण्याचं गाव अशी झाली. त्याच कंपनीनं अमेरिकेतल्या मोन्सॅन्टोबरोबर भागीदारी केली, २००२ मध्ये बोंडअळीला मारणारा जीन घातलेल्या बीटी कपाशीला परवानगी मिळाली, २००६ मध्ये दोन जीनवालं वाण आलं. त्या वर्षांतली फळी मला आठवते. चाळीस कंपन्यांच्या बॅगा, चाळीस रंग, कुणावर वाघ, कुणावर राजा, कुणावर पैलवान. शेतकरी तासभर निवड करायचा. पण आतला जीन बहुतेक सगळ्यांत एकाच मालकाचा, आणि प्रत्येक बॅगेमागं त्याची रॉयल्टी ठरलेली. चाळीस दुकानं आणि एकच विहीर, असा तो प्रकार. सुरुवातीला बॅग सोळाशेच्या वर होती, तिच्यातला मोठा वाटा त्या रॉयल्टीचा. आंध्र सरकार २००६ मध्ये तेव्हाच्या मक्तेदारी आयोगाकडं गेलं आणि बॅग साडेसातशेवर आली. तो आयोग म्हणजे तुमचाच थोरला भाऊ. त्याची कारकीर्द संपून तुमची कलमं २००९ मध्ये लागू झाली. त्याच साली महाराष्ट्रानं कपाशी बियाण्याच्या दरासाठी स्वतःचा कायदा केला.

पुढं डिसेंबर २०१५ मध्ये केंद्रानं दर-नियंत्रणाचा आदेश काढला. २०१६ ला बॅग ८००, त्यात रॉयल्टी ४९. २०१८ ला ७४० आणि ३९. २०१९ ला ७३० आणि २०. २०२० ला रॉयल्टी शून्य झाली. आता बॅगेची किंमत किती व्हायला हवी होती? चौथीतलं पोरगं सांगेल, ७१०. झाली ७३०. रॉयल्टीचे वीस रुपये जीनवाल्याच्या खिशातून निघाले आणि बियाणेवाल्याच्या खिशात गेले, शेतकऱ्याच्या हाताला लागलेच नाहीत. त्यावर कुठं मोर्चा निघाल्याचं मला आठवत नाही, कारण छापील किंमत वाढली नव्हती. २०२५ ला बॅग ९०१ वर पोचली. आणि गुलाबी बोंडअळी त्या दोन जीनांना जुमानत नाही, हे २०१७ च्या हंगामात आमच्या सगळ्या शिवारानं बघितलेलं आहे.

तुम्ही २०१६ मध्ये जीनच्या परवान्यांची चौकशी सुरू केली होती. आम्ही आशेनं बघत होतो. २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं सांगितलं की पेटंटच्या परवान्याचा वाद पेटंट कायद्यात सोडवायचा, स्पर्धा कायद्यात नाही. न्यायालयापुढं बोलणारे आम्ही कोण. पण इथं फळीपुढं उभं राहिल्यावर पेटंटचा कायदा आणि स्पर्धेचा कायदा असे दोन कप्पे दिसत नाहीत, एकच बॅग दिसते.

बॅगेची किंमत बांधलेली असल्यामुळं लिंकिंग इथंही शिरलं. ज्या वाणाचा गवगवा होतो त्याच्या दहा बॅगांमागं न चालणाऱ्या वाणाच्या दहा. मग चालणारं वाण मागच्या दारानं चढ्या भावानं जातं आणि न चालणारं एखाद्या अडलेल्याच्या रानात पडतं. त्यातूनच चोरबीटीवाल्याचं, म्हणजे चोरून बिनपरवाना बीटी बियाणं विकणाऱ्याचं, फावतं. त्याच्याकडं ना पावती, ना लेबल, ना अट. कायदेशीर बाजारात न मिळालेली मोकळीक शेतकऱ्याला बेकायदेशीर बाजारात मिळते, ही शरमेची गोष्ट आहे, पण आहे.

आता सोयाबीन बघा. त्याच शेतकऱ्याचं, त्याच वावराच्या दुसऱ्या अंगाचं पीक. सोयाबीनच्या बियाण्याला केंद्रानं कपाशीसारखी किंमत बांधलेली नाही. तरी कंपन्यांना तिथं एवढा माज करता येत नाही. का? कारण सोयाबीन सरळ वाण आहे, घरचं राखून पुन्हा पेरता येतं. मे महिन्यात आमच्याकडं घरोघर गोणपाटाचा तुकडा ओला करून त्यात शंभर दाणे ओळीनं मांडतात, गुंडाळून सावलीत ठेवतात. रोज पाण्याचा हबका मारायचा. सहा-सात दिवसांनी उलगडून कोंब मोजायचे. सत्तरच्या वर आले की बियाणं घरचं, दुकानाकडं कुणी येत नाही. पन्नास आले की येतात, पण घासाघीस करत येतात. वर महाबीज हे सरकारी बियाणे महामंडळ आहे, परभणीच्या कृषी विद्यापीठाची एमएयूएस ७१, एमएयूएस १५८, एमएयूएस ६१२ ही वाणं आहेत. सार्वजनिक पैशानं उभं राहिलेलं बियाणं आणि माजघरातली कणगी, या दोघांनी मिळून खासगी कंपनीला जमिनीवर ठेवलंय. सरकीला ही सोय नाही. संकरित कपाशीचं बी राखून पेरलं तर पुढच्या वर्षी झाडाला झाड जुळत नाही. शेतकऱ्याला 'नको' म्हणता येतं की नाही, यावर सगळं ठरतं. गोणपाटाच्या तुकड्यानं सोयाबीनवाल्याला 'नको' म्हणायची ताकद दिली. युरियावाल्याला आणि सरकीवाल्याला ती कुणी दिलेली नाही.

(तिथंही कंपन्यांनी वाट काढलीच म्हणा. पूर्वी सोयाबीनची बॅग तीस किलोची असायची. हळूहळू ती बारीक होत गेली. शेतकरी एकराला एक बॅग या हिशेबानं घेतो, बॅगेचा भाव विचारतो, किलोचा नाही. युरियाची गोणी २०१८ मध्ये पन्नासची पंचेचाळीस झाली तेव्हा सरकारचाही हिशेब हाच होता, की माणूस गोण्या मोजून टाकतो, किलो नाही. फक्त सरकारनं किंमतही त्या मापानं कमी केली होती.)

फवारणीच्या औषधांच्या बाबतीत तर किंमत नावाची गोष्टच उरलेली नाही. लिटरच्या डब्यावर छापलेली किंमत बाराशे, मला बिल लागतं सातशेला, मी विकतो आठशेला. शेतकरी म्हणतो चारशे वाचले. पण सातशे ही माझी खरीदही खरी नाही. वर रोख भरण्याची सूट, उलाढालीची सूट, हंगामाआधी माल उचलण्याची म्हणजे प्लेसमेंटची स्कीम, आणि विक्रीचा ठरलेला आकडा गाठला तर मार्चमध्ये क्रेडिट नोट, म्हणजे खात्यावर परत जमा होणारे पैसे. आकडा गाठला नाही तर वर्षभर विकलेला सगळाच माल तोट्यात. म्हणून जानेवारी उजाडला की मी दुसऱ्या कंपनीचा डबा फळीवर दिसेल अशा जागी ठेवतच नाही. मला कुणी तशी ताकीद दिलेली नाही. क्रेडिट नोटच पुरेशी आहे. नवी लहान कंपनी चांगलं औषध स्वस्तात घेऊन आली तरी तिला माझ्या फळीवर जागा नाही, कारण तिच्या एका डब्यावर मला जे सुटेल त्यापेक्षा जुन्या कंपनीचा आकडा हुकल्यानं जाईल ते जास्त. आकडा गाठणाऱ्यांना परदेशी सहल असते. मी दोनदा जाऊन आलोय. फोटो दुकानात लावलेले नाहीत.

आता जे लिहिणार आहे ते वाचून माझे गाववाले दुकानदार चार दिवस माझ्याशी बोलणार नाहीत. आम्हीही हेच करतो. दरवर्षी मेच्या शेवटी तालुक्यातले विक्रेते एका हॉटेलात बसतो. चहा होतो, भजी होतात, कृषी खात्याला शिव्या होतात आणि उठता उठता ठरतं की अमुक औषध इतक्याच्या खाली कुणी द्यायचं नाही. ही बैठक मात्र खरोखर होते. तुमच्या कायद्यात ही कलम ३ चीच भानगड आहे, आणि मेडिकल दुकानदारांच्या संघटनांना अशाच ठरावांपायी तुम्ही दणका दिलेला आहे, हे मला माहीत आहे. आमचा ठराव सहसा पंधरा दिवस टिकतो. सोळाव्या दिवशी कुणीतरी मेहुण्याला खालच्या भावानं डबा देतो आणि गावभर होतं. पण टिकत नाही म्हणून गुन्हा नाही, असं मी म्हणणार नाही.

आणि उधारी. रोखीचा भाव एक, उधारीचा एक. दिवाळीला कापूस निघाल्यावर द्यायच्या बोलीवर घेणाऱ्याला मी शेकडा पंधरा-वीस चढवून लावतो, वहीत व्याज म्हणून न लिहिता. तो दुसऱ्या दुकानात जाऊ शकत नाही, कारण तिथं त्याचं खातं नाही. त्याच्यापुरता मी एकटाच दुकानदार. कंपनी माझं जे करते, तेच मी त्याचं करतो. फरक एवढाच की मला त्याच्या पोरीच्या लग्नाला जावं लागतं, त्यामुळं हात थोडा आखडतो.

दरवर्षी खरिपाच्या तोंडावर लिंकिंग करू नका म्हणून कृषी खात्याचं पत्रक निघतं. पत्रक निघालं की भरारी पथक निघतं. पथक येतं दुकानात, साठा बघतं, रजिस्टर बघतं, बाटली सापडली की परवाना निलंबित. पथक धक्क्यावर जात नाही. जिथं दोन बिलं आणि एक बिल्टी तयार होते त्या कंपनीच्या कार्यालयात तर नाहीच नाही. खालच्याला पकडणं सोपं आहे, त्याच्या दुकानावर पाटी असते.

म्हणून तुमच्याकडं आलो. तुम्ही आपण होऊन चौकशी सुरू करू शकता, कायदाच तसं म्हणतो. ई-कॉमर्सवर तुम्ही बाजार-अभ्यास केला, माणसांच्या औषधांच्या धंद्यावर केला. तसाच खत-बियाणं-कीटकनाशकांवर एक करा, आणि तो दिल्लीत बसून कंपन्यांनी भरलेल्या प्रश्नावलीवर करू नका. जिल्ह्याचा धक्का हा एक बाजार धरा आणि जून-जुलै हा त्याचा काळ धरा. वर्षाची सरासरी काढली की मामांची बाटली त्यात विरघळून जाते.

तक्रारदाराचं नाव गुप्त राहील अशी तरतूद तुमच्याकडं आहे. पण आमच्या तालुक्यात 'ओ' फॉर्म असलेले विक्रेते सतरा. त्यातले पेट्यांना नको म्हणालेले किती, हे कंपनीच्या साहेबाला तोंडपाठ. नाव झाकून काय उपयोग? त्यापेक्षा तक्रार आल्यावर चौकशी संपेपर्यंत त्या जिल्ह्यातल्या कुणाही विक्रेत्याचा पुरवठा मागच्या हंगामापेक्षा कमी झाला तर कंपनीनं लेखी कारण द्यावं, एवढा अंतरिम आदेश काढा. आमचं तोंड त्यानंच उघडेल. कार्टेलमधला, म्हणजे संगनमत करणाऱ्या टोळक्यातला, जो पहिल्यांदा फुटून सांगतो त्याला दंडात सूट देण्याची सोय तुमच्या कायद्यात आहे, ती इथं विक्रेत्याला कशी लावता येईल तेही बघा. आम्ही गुन्ह्यात सामील आहोत आणि गुन्ह्याचे साक्षीदारही आहोत. आणि तक्रार मराठीत घ्या. हे पत्र इंग्रजीत करून द्यायला परभणीतला वकील जेवढे मागतो, तेवढ्यात माझी युरियाची एक गाडी धक्क्यावरून येते.

२०२३ च्या दुरुस्तीनं तुम्हाला कंपनीच्या जगभरच्या उलाढालीवर दंड मोजायचा अधिकार मिळाला, ते वाचलं. चांगलं आहे. पण सिमेंटचा दंड २०१२ पासून कोर्टात फिरतोय आणि माझं गोदाम बांधून जुनं झालं, तेव्हा दंडाच्या आकड्यावर माझी फार भिस्त नाही. मला हंगाम संपायच्या आत होणारी गोष्ट हवी. युरियाच्या रेकबरोबर निघणाऱ्या प्रत्येक ट्रकची बिल्टी आणि त्या विक्रेत्याला आठ दिवसांत गेलेली सगळी बिलं एकत्र जमा करा. एका धक्क्याची, एका महिन्याची. कारकुनाचं काम आहे, अर्थतज्ज्ञाचं नाही.

कुणाला पाठवणार असाल तर रेक लागेल त्या दिवशी पाठवा. रेक बहुतेक रात्री लागतो, हमाल पहाटे चारला येतात, पहिला ट्रक साडेसहाच्या सुमाराला भरून निघतो. धक्क्याच्या फाटकापाशी चहाची टपरी आहे, तिथून ट्रकचे नंबर नीट दिसतात. ट्रकमागं दहापर्यंत माझ्या गावात पोचता येईल. दुकान ओळखायला सोपं आहे : गल्ल्यामागच्या फळीवर, देवाच्या फोटोखाली, एकच बाटली वेगळी ठेवलेली दिसेल. पैसे भरलेले आहेत. मामांना दोनदा निरोप दिला, न्यायला आले नाहीत.

आपला,
एक कृषी सेवा केंद्रचालक,
परभणी जिल्हा